बेळगाव भागात म्हाताऱ्या पेशंटांसोबत फिजिओ असिस्टंट म्हणून लागताय? मग हे आधी वाचा

दहावी-बारावीनंतर जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स करून, नाहीतर आधी वॉर्डात आया किंवा वॉर्डबॉय म्हणून राबून मग फिजिओ डिपार्टमेंटला लागणारी पोरं-पोरी आपल्याकडे बरीच आहेत, शहरातली, खानापूरची, निपाणी-चिकोडीकडची. पण पहिल्या दिवशी त्यांना बसवून नीट सांगणारं कोणी नसतं, हातात वॉकर देतात आणि "त्या आज्जींना जरा चालवून आण" म्हणतात, की झालं काम सुरू. म्हणून मी हे क्रमाने लिहितेय, आणि मुख्यतः म्हाताऱ्या पेशंटांबद्दल लिहितेय कारण त्यांचं काम वेगळं असतं, तिथे घाई चालत नाही.

आधी आपलं काम काय ते पक्कं करा

पेशंटला तपासणं, कुठला व्यायाम, किती वेळा, ऑपरेशनच्या पायावर किती वजन टाकायचं, हे फिजिओथेरपिस्ट ठरवतात. आपण ते करून घ्यायचं, आधार द्यायचा, लक्ष ठेवायचं आणि जे दिसलं ते जसंच्या तसं त्यांना सांगायचं. घरची माणसं आपल्याला "डॉक्टर" म्हणणारच, तिथेच "मी असिस्टंट आहे, मॅडम येऊन सांगतील" असं स्पष्ट बोलायचं. फिजिओथेरपिस्ट आता २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या केंद्रीय कायद्याखाली येतात, त्यामुळे "घरी येऊन तुम्हीच व्यायाम द्या, पैसे देतो" असं कोणी म्हणालं तर स्वतःच्या मनाने जायचं नाही. गुडघा दुखतोय म्हणून दाबून द्यायला गेलात आणि आत रक्ताची गाठ असली तर?

आता दुसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. आपल्याला पेशंटला उचलायचं नाही, त्यांना उठायला लावायचंय. आपल्याकडे घरचे फार जीव लावतात, आई पडलेली असली की लेक घास भरवते, मुलगा कडेवर घेतल्यासारखा उचलून खुर्चीत बसवतो, सून म्हणते "तुम्ही हलू नका हो." चांगल्या मनानेच करतात. खरं आठ-दहा दिवस नुसतं पडून राहिलं तरी म्हाताऱ्या माणसाच्या मांडीतली ताकद चांगलीच कमी होते, आणि मग जे पाय पडायच्या आधी परसात जाऊन येत होते ते संडासाला पण नेत नाहीत. म्हणून जेवढं त्यांना जमतंय तेवढं त्यांनी करायचं, उरलेलं आपण. एक मिनिटात होणारं काम पाच मिनिटं लागू देत.

हात लावायच्या आधी

बेडकडे जायच्या आधी फाईल बघा, नाहीतर सिस्टरला विचारा. आमच्याकडे पेशंट सगळीकडून येतात, चंदगड-गडहिंग्लजचे बेळगावला येतात, अथणी-कागवाडचे मिरजेला ऑपरेशन करून आलेले असतात, त्यामुळे कागद एका ठिकाणचे आणि पेशंट दुसऱ्या ठिकाणी असं होतं. विचारायचं ते एवढं: ऑपरेशन कुठलं आणि कधीचं, वजन किती टाकायची परवानगी, बीपी-शुगर आज किती, सकाळी काही खाल्लंय का, दुखायची गोळी कधी दिली, रात्री झोप झाली का, काही बरळत होते का.

"खुब्याचं ऑपरेशन" एवढ्यावर कधी पुढे जाऊ नका. एकात खुब्याच्या सांध्यातला हाडाचा गोळा बदललेला असतो, दुसऱ्यात रॉड किंवा स्क्रू घालून हाड जोडलेलं असतं, आणि दोघांचे नियम वेगळे. गोळा बदललेल्यांना, खास करून मागच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर, कमरेत ९० अंशापेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही, कारण नवीन गोळा खोबणीतून निसटू शकतो. रॉडवाल्यांना हे सगळं तसंच लागू असेल असं नाही, पण त्यांच्यात वजन किती टाकायचं हा प्रश्न मोठा असतो. कुणाला पूर्ण वजन चालतं, कुणाला अर्धं, कुणाला नुसता पाय टेकवायचा, कुणाला तोही नाही. कागदावर दिसलं नाही तर थेरपिस्टला विचारेपर्यंत पेशंटला बेडवरून उतरवायचं नाही, मागे कितीही पेशंट थांबलेले असू देत.

दुखायची गोळी दिल्यावर साधारण अर्ध्या तासाने गेलात तर व्यायाम सोपा जातो, जेवण झाल्या झाल्या मात्र जाऊ नका. पार्किन्सनचे पेशंट असतील तर त्यांच्या गोळीची वेळ बघूनच सेशन घ्यायचं, गोळी चढलेली असताना तेच माणूस कितीतरी बरं चालतं.

बेडजवळ गेल्यावर

समोर जा, चेहरा दिसेल असं उभं राहा, नाव सांगा. कानाचं मशीन, चष्मा, कवळी जागेवर आहे का बघा, अर्ध्या वेळा आज्जी "ऐकत नाहीत" म्हणून तक्रार असते आणि मशीन उशीखाली असतं. ओरडून बोलायचं नाही, सावकाश आणि थोडं खालच्या पट्टीत बोललं तर जास्त कळतं. आज्जी, आजोबा, मावशी, काका म्हणा, आणि "अहो-जाहो" सोडू नका, बेडवर आडवा पडलेला माणूस काल-परवापर्यंत घरातला कर्ता होता.

भाषेचं आपल्याकडे बघायलाच पाहिजे. खानापूर, येळ्ळूर, कडोलीकडची जुनी माणसं मराठी, गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगलची कन्नड, आणि बरीच दोन्ही. मराठी घरातून आलेल्यांनी निदान एवढं तरी कन्नड पाठ करावं: एळ्री म्हणजे उठा, कूड्री बसा, निंद्री थांबा, निधानक सावकाश, नोव ऐती म्हणजे दुखतंय का, तली तिरगतैती म्हणजे चक्कर येतेय का. घाबरलेल्या माणसाला उभं करताना दुभाष्या शोधायला वेळ नसतो. आणि एका वेळी एकच वाक्य, एकच सूचना, एकाच माणसाने द्यायची. पाठीमागून तिघं नातेवाईक "असं धर, तसं धर" करालेत म्हटल्यावर म्हातारं माणूस गांगरून जातं, त्यांना आदराने बाजूला थांबायला सांगा.

मग जागा. खाटेची चाकं लॉक, खुर्ची जवळ आणि लॉक, व्हीलचेअरचे पाय ठेवायचे पट्टे बाजूला वळवलेले, सलाइनची नळी मोकळी, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खालीच राहील अशी. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडचे नातेवाईक ओली छत्री, ओले पाय घेऊन वॉर्डात येतात, फरशी बघूनच पेशंटला उतरवा. पायात हवाई चप्पल नको, मागून पट्टा असलेलं सँडल पाहिजे. नऊवारी किंवा सैल लुगडं वॉकरच्या पायात अडकतं, पदर खोचून घ्यायला सांगा, धोतराचंही तेच.

झोपलेल्याचं बसणं, बसलेल्याचं उभं राहणं

आधी बेडवरच घोटे वर-खाली करायला लावा, गुडघा खाली दाबून मांडी आवळायला लावा. मग कुशीवर, पाय बेडच्या कडेबाहेर, आणि हाताने बेड दाबत वर. (खुब्याचा गोळा बदललेला असेल तर कुठल्या कुशीवर आणि दोन पायांत उशी ठेवून कसं, ते थेरपिस्ट एकदा दाखवतील, ते बघून घ्या.) तुमचा एक हात खांद्याच्या मागे, दुसरा पायांना. हात धरून ओढायचं नाही. लकवा झालेल्या पेशंटचा लुळा हात तर कधीच ओढायचा नाही, बगलेत हात घालून पण उचलायचं नाही, तो खांदा सैल झालेला असतो, सांध्यातून खाली उतरतो आणि मग महिनोन्महिने दुखतो.

बसल्यावर थांबा. इथे सगळे घाई करतात. पडून असलेला माणूस उठला की रक्त पायात उतरतं आणि बीपी घसरतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा बीपी २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो धोक्याचा इशारा धरतात. म्हणून बसल्यावर एक-दोन मिनिटं गप्पा मारा, गाव कुठलं, लावणी झाली का, विचारत राहा आणि चेहरा बघत राहा. ओठ पांढरे पडले, कपाळाला घाम आला, उत्तर द्यायला वेळ लागला की परत आडवं करा, सिस्टरला बोलवा. "काही नाही होत मला" असं आजोबा नेहमीच म्हणतात, त्यांच्या तोंडापेक्षा चेहऱ्यावर विश्वास ठेवा.

उभं करताना क्रम असा: पेशंटला बेडच्या कडेला पुढे सरकवा, पाय गुडघ्याच्या थोडे मागे, कमरेला आधारासाठी धरायचा बेल्ट कपड्यावरून नीट घट्ट, दोन्ही हात बेडवर किंवा खुर्चीच्या हातावर (वॉकर ओढून उठायचं नाही, तो उलटा येतो अंगावर). मग "नाक पायाच्या बोटांच्या पुढे न्या" म्हणा आणि एक-दोन-तीनवर उठवा. सगळी गंमत या पुढे झुकण्यात आहे, घाबरलेलं माणूस मागे रेलतं आणि मग आपल्याला वाटतं वजन फार आहे. गोळा बदललेल्यांना मात्र एवढं वाकवायचं नाही, त्यांना उंच खुर्ची द्यायची आणि ऑपरेशनचा पाय पुढे ठेवून उठवायचं. तुम्ही दुखऱ्या बाजूला थोडं मागे, पाय फाकवून, गुडघे वाकवून, कंबर सरळ. बेड वर-खाली होत असेल तर आधी उंच करून घ्या, त्यांनाही सोपं आणि तुमच्या पाठीलाही. दोन माणसं लागतात असं वाटलं तर दोन माणसंच घ्या, एकट्याने करून दाखवायची गरज नाही. या कामात लोक पाठीपायी काम सोडतात.

चालवणं

वॉकरची उंची पेशंटच्या उंचीने लावायची: सरळ उभं राहून हात खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे वॉकरची मूठ, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं. आधीच्या पेशंटचा वॉकर तसाच दुसऱ्याला देऊ नका. खालची रबरी बुचं झिजलीत का रोज बघा. चालायचा क्रम वॉकर, दुखरा पाय, चांगला पाय. एका हाताची काठी असेल तर ती चांगल्या बाजूच्या हातात, दुखऱ्या बाजूला नाही, याच्यावर घरचे दरवेळी वाद घालतात. जिन्यावर चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

मागे खुर्ची घेऊन एक माणूस असू दे पहिल्या दिवसांत. अंतर थोडं ठेवा, परत यायची ताकद शिल्लक पाहिजे, दरवाजापर्यंत गेले आणि तिथेच पाय गळाले हे नेहमी घडतं. लकवावाल्यांना खुर्चीत घेताना खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला ठेवली तर सुरुवातीला सोपं जातं. आणि त्यांना मध्येच तहान लागली म्हणून पाणी द्यायचं नाही, गिळण्याची तपासणी झालीय का ते सिस्टरला विचारल्याशिवाय एक घोटही नाही, पाणी श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होतो.

माणूस पडायला लागलं तर? धरून ठेवायचा हट्ट करू नका, दोघेही पडाल. जवळ ओढून घ्या, एक पाय पुढे टाका आणि तुमच्या मांडीवरून हळू खाली बसवा, डोकं सांभाळा. खाली बसल्यावर लगेच उचलू नका, आवाज द्या, सिस्टर-डॉक्टर बघतील, मगच उठवायचं. आणि लिहायचंच, किरकोळ वाटलं तरी, कुणीही "राहू दे" म्हणालं तरी.

कधी थांबायचं

छातीत दुखणं, एकदम दम लागणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं (रक्ताची गाठ असू शकते, ती पोटरी चोळायची नाही), तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, ऑपरेशनच्या पायात एकदम कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसणं. यातलं काहीही दिसलं की व्यायाम बंद आणि हाक मारायची. अजून एक, जे सुटून जातं: काल नीट बोलणारी आज्जी आज माणसं ओळखत नाही, रात्रभर नळ्या ओढत होती. घरचे म्हणतात वय झालं. वयाने एका रात्रीत असं होत नाही, लघवीचं इन्फेक्शन, रक्तातलं मीठ कमी होणं, औषध, काहीही असू शकतं, लगेच सांगा.

मशीन आणि बाकीचं

यावर फार लिहित नाही. आयएफटी, टेन्स (दोन्ही करंटने दुखणं कमी करायची मशीन) आणि शेकायचं अल्ट्रासाउंड यांची सेटिंग आपण बदलायची नाही, आणि पेसमेकर आहे का हे मशीन जवळ नेण्याआधी विचारायचं. गरम पॅकला टॉवेलच्या सहा-आठ घड्या आणि पाच मिनिटांनी उघडून कातडी बघायची, शुगरच्या पेशंटला भाजलेलं कळत नाही. गुडघा बदललेल्यांच्या गुडघ्याखाली उशी ठेवून झोपवू नका, बरं वाटतं पण पाय सरळ व्हायचा राहतो. तीन बॉलचं श्वासाच्या व्यायामाचं खेळणं (स्पायरोमीटर) असतं त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं, जवळजवळ सगळेच फुंकतात. पडून असणाऱ्यांची कूस दर दोन तासांनी बदलली जातेय का बघा, टाचा आणि माकडहाड रोज बघा. प्रत्येक पेशंटच्या आधी आणि नंतर हात धुवा.

लिहून ठेवणं

"व्यायाम दिला" याला काही अर्थ नाही. असं लिहा: वॉकर घेऊन १० मीटर दोनदा, एका माणसाचा आधार, मध्ये एकदा बसल्या, चक्कर नाही, उभं राहताना दुखणं दहापैकी चार. मग दुसऱ्या दिवशी थेरपिस्टला कळतं पुढे जायचं की नाही. इंग्रजी जमत नसेल तर तोंडी नीट सांगा आणि शब्द हळूहळू शिका, मिनिमल असिस्ट (थोडासा आधार), मॉडरेट असिस्ट (मध्यम आधार) असे पाच-सहा शब्द आठवड्यात येतात. ३ मीटर चालून वळून परत बसायची एक टेस्ट असते, टाइम्ड अप अँड गो, त्याचं घड्याळ बऱ्याचदा आपल्याच हातात देतात. साधारण १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात, पण आकडा फक्त लिहायचा, अर्थ आपण सांगायचा नाही.

घर विचारा

हे पहिल्या-दुसऱ्या दिवशीच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. संडास कुठला, घरात की परसात? उंबरा किती उंच? झोपायला खाट की जमिनीवर? जेवायला पाटावर बसतात का? खानापूरकडच्या जुन्या घरांत पायऱ्या आणि उंबरे दोन्ही असतात, वडगाव-शहापूरच्या विणकर घरांत खोली लहान आणि वॉकर वळत नाही, शेतातल्या घरात अंगण शेणाने सारवलेलं. या गोष्टी थेरपिस्टना माहीत झाल्या तर व्यायाम त्या हिशोबाने देतात. हॉस्पिटलच्या गुळगुळीत कॉरिडॉरमध्ये ५० मीटर चालून दाखवलं आणि घरी उंबरा ओलांडता आला नाही तर काय उपयोग? मग वॉर्डातच विटेएवढ्या उंचीची पायरी ठेवून उंबऱ्याचा सराव घेतात. गोळा बदललेल्यांना भारतीय संडासावर बसायचं नाही, खाली मांडी घालायची नाही, त्यामुळे कमोड खुर्चीची सोय घरी पेशंट पोचायच्या आधी झालेली पाहिजे.

व्यायाम घरच्या एका माणसाला शिकवा आणि त्यांच्याकडून करून घेऊन बघा, नुसतं "समजलं का" विचारलं तर सगळे हो म्हणतात. जून-जुलैत भात लावणी सुरू झाली की सोबतचं माणूस बदलतं, आज सून, उद्या पुतण्या, परवा शेजारीण, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून दाखवायचं, कंटाळायचं नाही. मिश्री लावणाऱ्या आज्जी आपल्याकडे खूप, निपाणी भागात तर तंबाखू घराघरात. तंबाखूने हाड जुळायला आणि जखम भरायला उशीर लागतो, पण आपण रागवायचं नाही, लपवून लावतील एवढंच होईल, डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि ज्यांचं कोणीच येत नाही असे पण असतात, मुलं पुण्याला-गोव्याला, फोन फक्त. ते सिस्टर किंवा हॉस्पिटलच्या सोशल वर्करला सांगा. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, फुकट आहे, तो नंबर त्यांच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

जायच्या दिवशी गाडी कुठली ते विचारा. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना बस किंवा रिक्षात कोंबू नका म्हणावं, कार असेल तर पुढची सीट पूर्ण मागे सरकवून, खाली घट्ट उशी घालून, आधी पाठ सीटकडे करून बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. जमलं तर तुम्ही स्वतः खाली गाडीपर्यंत जा, बसवून द्या, आणि वॉकर डिकीत टाकलाय का ते बघा, तो वॉर्डातच विसरून जातात.